हाताला चाळा

(जागतिक अल्झायमर दिनाच्या निमित्ताने, २१ सप्टेंबरला, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेलं बोलणं. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काकू, तुम्ही क्रोशावर बोला, पंधरा मिनिटं." आता क्रोशावर काय बोलायचं? गेल्या पंचवीस वर्षांत तुमच्यापैकी निम्म्या घरांत माझं तोरण नाहीतर टीव्हीवरचा रुमाल गेलेला आहे. टीव्ही भिंतीला टांगायचे झाले तेव्हापासून रुमालांचं काय केलंत ते मी विचारत नाही.

म्हणून आज बोलायचं ते या पिशवीबद्दल. पहिल्या रांगेपासून फिरवते आहे. हातात घ्या, दाबा, दोरी ओढा, टिचबटणं उघडा-लावा. जरा मळकट दिसते, पण धुतलेली आहे. काही तुटणार नाही. चार वर्षं रोज वापरूनही तुटलेली नाही.

ही आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची पिशवी. अण्णा १९६३ साली एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि १९९८ साली निवृत्त झाले. बराच काळ सातारा–पंढरपूर रस्त्यावर होते. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड ही गावं त्यांना आमच्या नावांपेक्षा जास्त दिवस आठवत राहिली. नातवाचं नाव गेलं, माझं गेलं, मग स्वतःच्या मुलाचं गेलं. पण पुसेगावनंतर दहिवडी, हे गेलं नाही.

२०१७ मध्ये डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. अल्झायमरच. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पुढचं थोडं सांभाळता येईल. विसरण्याची आम्ही मनाची तयारी केली होती. हातांबद्दल मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हात थांबेचनात. सदऱ्याची बटणं पिरगाळून तोडायची, चादरीचे दोरे ओढायचे, स्वयंपाकघरातून सांडशी उचलून तास तास टकटक वाजवायची. आणि डोअरबेल! तुम्हाला सांगायलाच नको. एसटीत दोरीची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अण्णा भर दुपारी जिन्याने उतरत जायचे आणि प्रत्येक मजल्यावर प्रत्येक बेल दोनदा वाजवायचे. दार उघडलं की म्हणायचे, "चला, पुढं सरका." लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर पुसेगाव आलं म्हणून उतरवून द्यायचे. आज आपण हसतो. तेव्हा लहान बाळं झोपलेली असायची, रात्रपाळी करून आलेली माणसं असायची. सर्वसाधारण सभेत विषय निघाला. "त्यांना घरात कडी लावून ठेवा," असं एकजण म्हणाले. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि आता माझे चांगले मित्र आहेत.

आम्ही कडी लावली. खोटं कशाला सांगू.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. या आजारात दिवस कलला की पुष्कळांची घालमेल वाढते, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण अण्णांची घालमेल वेगळी वाटायची. ते खिसे चाचपायचे, पलंगाखाली बघायचे. "बॅग कुठाय? हिशेब द्यायचाय." ड्युटी संपली की डेपोत जाऊन पैसे भरायचे, वेबिलशी ताळा जुळवायचा. कमी पडले तर पदरचे घालायचे. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी जे केलं, ते हात मागत होते. आम्ही काय म्हणायचो? "अण्णा, तुम्ही रिटायर झालात ना!" रोज नव्याने ऐकायचे आणि रोज नव्याने रडायचे.

एक प्रसंग सांगते. हा मी घरात सोडून कुठे बोललेले नाही. माझ्या पुतणीच्या लग्नासाठी मी एक टेबलक्लॉथ करत होते, बारीक दोऱ्याचा. दोन महिन्यांचं काम. एका संध्याकाळी बघते तर अण्णांनी टोक पकडून अर्धाअधिक उसवलेला. क्रोशाचं असं आहे की शेवटचा टाका सुटला की सगळं सरसर मागे येतं. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातावर चापट मारली. जोरात. त्यांनी हात मागे घेतला, उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "साहेब, चुकलं. पगारातनं कापून घ्या."

त्यांना मी चेकर वाटले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "मामी, इथल्या वॉर्डात अशा पेशंटना लोकरीचा मफ देतात, ट्विडलमफ म्हणतात. दोन्ही बाजूंनी हात घालायचे. आतबाहेर बटणं, रिबिनी, मण्यांच्या माळा शिवलेल्या असतात. हात त्यात रमतात, सुया-नळ्या ओढायच्या थांबतात." आपल्याकडे याला शब्द आहेच की! चाळा. हाताला चाळा हवा. लहानपणी आपल्याला रागवायचे, "काय चाळा लावलायस," म्हणून. २०१७ सालीच पोरांच्या हातात ते गरगर फिरणारे स्पिनर आले होते, आठवतं? तोही चाळाच, फक्त विकतचा.

मी लगेच मफ करायला घेतला. ॲक्रिलिक लोकर, लाल-पिवळी. तो पहिला प्रयत्न साफ फसला. एकतर आपली ही डोंबिवलीची हवा. मे महिन्यात लोकरीत हात घालून कोण बसेल? दुसरं, मी खांबांची सैल वीण घातली होती, तिच्या भोकांत त्यांचं बोट अडकलं. आणि तिसरं म्हणजे हौसेने वर डोळे-नाक काढलं होतं, मांजरासारखं. अण्णांनी ते धरून बघितलं आणि टाकून दिलं. "मी काय ल्हान पोर हाय व्हय?" बरोबरच होतं त्यांचं.

मग मी चार दिवस सुई हातात घेतलीच नाही. नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसले. सांडशीची टकटक म्हणजे तिकिटाचा पंच. अंगठा जिभेला लावून चादरीचं टोक चिमटीत धरायचं, म्हणजे ठोकळ्यातलं तिकीट फाडायचं. बेल म्हणजे घंटीची दोरी. मुठीत काहीतरी खुळखुळवल्यासारखं करायचे, ती चिल्लर. सगळं समोर होतं, आणि आम्ही एवढे दिवस म्हणत होतो, अण्णा उगीच काहीतरी करतात.

म्हणून ही कंडक्टरची पिशवी. ज्यांना करायची असेल त्यांनी लिहून घ्या. जाड सुती दोरा, रंग खाकीच्या जवळचा. चार मिलीमीटरची सुई. चाळीस साखळ्या घालायच्या, साधारण दहा इंच होतात, आणि साखळीच्या दोन्ही बाजूंनी गोल विणत जायचं. फेरीला ऐंशी टाके. टाका आखूड आणि घट्ट घ्यायचा, बोट शिरता कामा नये. चाळीस फेऱ्यांत नऊ इंच उंची मिळते. म्हणजे बत्तीसशे टाके, झाकण वेगळं. मला आठ दिवस लागले, रात्रीचे.

झाकणाला मोठी टिचबटणं लावली. उघडताना-लावताना टिच्‌ असा आवाज येतो, तो पंचाच्या जागी. आतून कापडाची चार पानं शिवली, अंगठ्याने उलटायला. बाजूला ही जाड गोफाची दोरी. टोकाला विणलेला चेंडू आहे, त्याच्या पोटात घुंगरू. घुंगरू बाहेर शिवायचं नाही, तोंडात जाऊ शकतं. छोटी बटणं, मणी, टिकल्या अजिबात नकोत. जे लावाल ते स्वतः सगळी ताकद लावून ओढून बघा. पट्ट्याचं मुद्दाम सांगते. गळ्यात अडकून फास बसू नये म्हणून पट्टा मधोमध टिचबटणाने जोडलाय, ओढला की सुटतो. आणि अशा दोन पिशव्या करा. सुती वस्तू पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही, आणि तेवढा वेळ "बॅग धुवायला टाकलीय" हे कोण ऐकून घेणार?

आता नाणी. मधे गोल करून सहा टाके, मग बारा, अठरा असं सहा-सहाने वाढवत छत्तीसपर्यंत. जेमतेम तीन इंचांची चकती होते. दोन चकत्या पाठीला पाठ लावून जोडल्या की हाताला जाड लागतं, आणि एवढं मोठं असल्यामुळे गिळायची भीती नाही. अशी वीस केली.

पिशवी पहिल्यांदा दिली तेव्हा मी काही बोलले नाही. खुर्चीवर ठेवली आणि भाजी चिरत बसले. थोड्या वेळाने बघते तर पट्टा खांद्यावर, पिशवी डाव्या कुशीत, आणि उजव्या हाताने टिच्‌, टिच्‌. दोरी दोनदा ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं कुठलं?"

मी म्हटलं, "म्हसवड."

त्यांनी मला म्हसवडचं तिकीट दिलं.

चमत्कार झाला असं समजू नका. काही दिवस पिशवी भिरकावून द्यायचे. फिरायला न्यावंच लागायचं, रात्रीचं जागरण चालूच होतं. पण दुपारच्या बेला थांबल्या. आणि संध्याकाळी हिशेब सुरू झाला. माझा मुलगा तेव्हा दहावीत होता. तो जुन्या वहीत तारीख घालायचा, अण्णा वीस नाणी मोजून द्यायचे, हा "वीस जमा" लिहून सही करायचा. सही बघितली की अण्णा चप्पल काढून ठेवायचे, म्हणजे ड्युटी संपली. मग जेवायचे. चार वर्षांच्या त्या वह्या माझ्याकडे आहेत. बोर्डाच्या परीक्षेच्या काळातलीसुद्धा एक सही चुकलेली नाही.

घोटाळा व्हायचा तो नाणं हरवलं की. एकोणीस भरली तर ते झोपायचे नाहीत. म्हणून मी एखादं जास्तीचं कमरेला खोचून ठेवायला लागले. "अण्णा, हे सीटखाली पडलं होतं." हुश्श करायचे.

हरवलेली कुठे जायची? आम्ही कडी काढली होती, पिशवी घेऊन ते खाली बागेत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सुटे परत द्यायचे. आणि मग एकेक जण आमची बेल वाजवायला लागला. "वहिनी, हे तुमचं ना? लिफ्टमध्ये होतं." वॉचमनच्या टेबलावर एक डबाच ठेवला होता. ज्यांनी सभेत कडी लावायला सांगितलं होतं, ते एकदा तीन नाणी घेऊन आले. आत येऊन बसले, चहा घेतला आणि अण्णांना म्हणाले, "एक पंढरपूर द्या." अण्णांनी त्यांना पंढरपूरला जागा नाही म्हणून सांगितलं! आषाढी असावी.

शेवटचं वर्ष हात थांबले. बटण उघडायची ताकद राहिली नाही, मोजणंही गेलं. पिशवी नुसती पोटाशी धरून पडायचे. मोजणी माझा मुलगाच करायचा, त्यांच्यासमोर, मोठ्याने. २०२२ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले.

त्यानंतर मी आणखी काही चाळे केले. आपल्या बी विंगच्या आजी सतत पदराचं टोक कुरतडायच्या. त्यांच्या हाताचं काम निराळं, आयुष्यभर धान्य निवडलेलं. त्यांना जाड दाण्यांच्या विणीचा एक पंचा करून दिला. त्या मांडीवर घेऊन बोटांनी एकेक दाणा पुढे सारतात. म्हणून मी वीण सांगते, पण नमुना सांगत नाही. तुमच्या घरातलं माणूस काय करत होतं ते तुम्हालाच ठाऊक. शिंपीकाम करणाऱ्याला काय लागेल, पोस्टात शिक्के मारणाऱ्याला काय लागेल, मला विचारायला या, आपण बसून ठरवू. शनिवारी दुपारी चारनंतर मी घरीच असते. जुन्या जॅकेटांच्या चेनी, मोठी बटणं टाकू नका, मला आणून द्या.

आणि एक काम आहे. मी एकूण सेहेचाळीस नाणी केली होती, वहीत खूण आहे. अण्णा गेल्यावर घरात सदतीस निघाली. नंतर तुम्ही लोकांनी तीन आणून दिली. आत्ता रौप्यमहोत्सवासाठी रंगकाम झालं, तेव्हा मीटरच्या खोलीत मीटरच्या पेटीमागे दोन सापडली. बेचाळीस झाली. चार अजून येणं आहे. कोणाच्या कपाटामागे, बागेत, गाडीच्या डिकीत खाकी रंगाची चकती दिसली, तर वॉचमनकडे द्या. डबा मी अजून तिथेच ठेवला आहे.