माहिती होती, पोचली नाही



आज पदवी घेऊन इथून बाहेर पडल्यावर तुमच्यापैकी काही जण कॉकपिटमधल्या उजव्या सीटवर बसाल. बरेच जण मुंबईच्या, नागपूरच्या मिहानमधल्या किंवा ओझरच्या हँगरमध्ये पाळीवर रुजू व्हाल. पक्षी, पाऊस, ओली धावपट्टी, इंधन, थकवा हे धोके तुम्ही इतकी वर्षं अभ्यासले आहेत, त्यांची उजळणी मी करणार नाही. मला एकच मुद्दा मांडायचा आहे आणि तो पुराव्यानिशी मांडायचा आहे. अपघातांचे तपास अहवाल एकापाठोपाठ एक वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अपघात टाळायला जी माहिती हवी होती, ती बहुतेक वेळा कोणाकडे तरी आधीपासून होती. ती ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत वेळेत गेली नाही, किंवा गेली आणि त्याने ती मनावर घेतली नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की सांगणं, लिहून ठेवणं आणि ऐकून घेणं हा तुमच्या तांत्रिक कामाचाच भाग आहे. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळण्याइतकाच.

बोल्टचाच दाखला घेऊ. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उखडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टनसकट सगळे वाचले. हा प्रसंग धैर्याची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तुम्ही त्याआधीची रात्र नीट पाहावी अशी माझी इच्छा आहे, कारण ती काच उड्डाणापूर्वी २७ तास आधी बदललेली होती. माणसं कमी होती म्हणून पाळीच्या व्यवस्थापकाने, एका अनुभवी इंजिनियरने, ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. वेळ पहाटेची. जुन्या काचेतून निघालेले बोल्ट ‘७-डी’ मापाचे होते. खरं तर तेही चुकीचेच, लांबीला कमी, पण चार वर्षं टिकलेले. स्टोअरमधल्या माणसाने त्याला सांगितलं, या काचेला ‘८-डी’ लागतात. म्हणजे बरोबर उत्तर त्या रात्री त्याच्या कानावर पडलेलं होतं! तरी हातातला बोल्ट त्याला जास्त खरा वाटला. पार्ट्स कॅटलॉग पाहिला गेला नाही. स्टोअरमध्ये ‘७-डी’ पुरेसे नव्हते, म्हणून तो दुसरीकडच्या खणांपाशी गेला आणि तिथल्या अपुऱ्या उजेडात बोल्टला बोल्ट लावून, नजरेच्या अंदाजाने, त्याने नवे बोल्ट निवडले. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.६६ मिलिमीटर बारीक निघाले. बसवताना त्यांचे आटे घसरत होते, पण ते घसरणं आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हरचा क्लिक यांतला फरक हाताला कळला नाही. काच बाहेरून बसवायची असल्यामुळे केबिनमधल्या दाबाचा सगळा भार त्या बोल्टांवरच होता. आणि दुसऱ्या माणसाने तपासलंच पाहिजे अशा भागांच्या यादीत ही काच नव्हती, त्यामुळे त्याच्या कामावर कोणाचीही दुसरी नजर पडली नाही. त्या इंजिनियरला आळशी किंवा बेफिकीर ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण अडचणीत पुढे होऊन काम करणारा माणूस होता तो, आणि अशी माणसं तुम्हाला प्रत्येक हँगरमध्ये भेटतील. तुमच्यापैकी कित्येक जण तसेच व्हाल, म्हणून ही रात्र ओळखून ठेवा.

दुसऱ्या वर्षी अमेरिकेत जे घडलं त्यात असं नशीब नव्हतं. ह्यूस्टनच्या हँगरमध्ये कॉन्टिनेंटल एक्सप्रेसच्या एम्ब्रेयर विमानाच्या शेपटीवर काम चालू होतं. संध्याकाळच्या पाळीने आडव्या शेपटीच्या डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले, पण ते काम कार्डावर चढलं नाही. रात्रपाळीचा निरीक्षक वेळेआधी आला, त्याने पाळी-बदलाचा कागद वाचला, त्यात या विमानाबद्दल काही नव्हतं. जाणाऱ्या निरीक्षकाने नोंद केली ती त्यानंतर. विमान उंच, शेपटी त्याहून उंच, बाहेर अंधार. खाली उभं राहून ती रिकामी भोकं कोणाला दिसणार? ११ सप्टेंबर १९९१ च्या सकाळी लारेडोहून परतताना शेपटीच्या त्या बाजूची कड निखळली आणि विमानातले सर्व १४ जण गेले. नोंद लिहिली गेली होती आणि वाचणाराही प्रामाणिकपणे वाचून गेला होता. कागद कागदाच्या जागी राहिला, दोन माणसं विमानापाशी उभी राहून एकमेकांशी बोलली नाहीत. लेखी नोंद हवीच, पण पाळी सोडताना तेवढ्यावर घरी जाऊ नका. पुढच्या माणसाला विमानापाशी न्या, काय उघडं आहे ते बोट दाखवून सांगा.

आपल्याकडे यात आणखी एक अडसर असतो, तो ज्येष्ठतेचा. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं, १५८ माणसं दगावली, आठ वाचली. चौकशीत निघालेला निष्कर्ष प्रत्येक वैमानिकाने वाचावा असा आहे. विमान नीट रेषेत आणि उंचीवर येत नव्हतं, आणि फर्स्ट ऑफिसरने ‘गो-अराउंड’ असं एकदा नव्हे, तीन वेळा सांगितलं होतं. यंत्राचे इशारेही चालू होते. कॅप्टन खाली येत राहिला. आपण लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलू नये असं शिकतो आणि घरात ते शोभूनही दिसतं. कॉकपिटमध्ये आणि हँगरमध्ये मात्र मान ठेवायची रीत वेगळी आहे. ‘सर, आपण अस्थिर आहोत, परत वर जाऊ’ हे वेळेवर आणि खणखणीत सांगणं हाच तिथे आदर. आणि तुम्ही उद्या डाव्या सीटवर बसाल तेव्हा उजवीकडून आलेला तो शब्द पहिल्याच खेपेला ऐका. तिसऱ्यांदा सांगायची पाळी येणं, हीच ऐकणाऱ्याची चूक आहे.

आता ज्या घटनेमुळे या क्षेत्राने आपली पद्धत बदलली तिच्याकडे वळतो. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. ९२ माणसं होती, कोणी उरलं नाही. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी ‘आता खाली उतरायला हरकत नाही’ असा घेतला. सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं विमान त्याच विमानतळाकडे येताना त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपली फसगत कंपनीच्या अंतर्गत योजनेत कळवलीही होती, कारण तिथे नाव गुप्त राहण्याची हमी होती. युनायटेडच्या वैमानिकांना सावध केलं गेलं. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट जाईल असा रस्ताच नव्हता. तो १९७६ मध्ये बांधला गेला. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांनी स्वतःच्या चुका कळवायच्या, आणि त्या गोळा करण्याचं काम दंड करणाऱ्या खात्याकडे न देता नासाकडे द्यायचं. या योजनेतली खरी अक्कल मला यात दिसते. ज्याच्या हातात तुमचं लायसन्स आहे त्याच्याकडे तुम्ही चूक घेऊन जाल, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही, हे ती आखणाऱ्यांनी ओळखलं.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. चूक कबूल केली की सुटका, असं झालं तर बेफिकिरी वाढेल. माफीची खात्री असलेला माणूस काळजी कशाला घेईल? पण न्याय्य पद्धतीत सरसकट माफी नसतेच. दमलेल्या हाताने चुकीचा बोल्ट उचलणं एक, आणि काम न करता ‘केलं’ म्हणून सही ठोकणं दुसरं. नशेत ड्युटीवर येणं, नियम माहीत असून मोडणं, घडलेलं लपवणं, यांना शिक्षा झालीच पाहिजे आणि मी त्याबाबतीत जराही सौम्य नाही. पहिल्या प्रकारात मात्र शिक्षेने काहीच साधत नाही, कारण जाणूनबुजून न केलेली चूक भीतीने टळत नाही. भीतीने टळतं ते एवढंच, की ती कोणाला कळेल. बर्मिंगहॅमच्या त्या माणसाला कितीही मोठा दंड ठोठावला असता तरी खणांवरचा उजेड वाढला नसता.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, जमिनीवरच्या माणसांसह २६० जीव गेले. ज्यांचं माणूस गेलं ते विचारतात, जबाबदार कोण? त्यांना ‘आम्ही दोष शोधत नाही’ असं सांगणं क्रूर वाटतं. त्यांचा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला न्यायालयं आहेत. तपास यंत्रणेचं काम मात्र निराळं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं तेरावं परिशिष्ट स्पष्टच सांगतं की तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणं हा नाही. दोन्ही कामं एकात मिसळली तर आज तुमच्यासारखे बोलू शकणारे उद्या वकिलाला विचारून बोलतील, आणि पुढच्या विमानातल्या प्रवाशांचं नुकसान होईल. म्हणून अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी गुन्हेगार जाहीर करणाऱ्या चर्चांत तुम्ही तरी पडू नका. तुम्ही या धंद्यातले आहात, तुमच्या शब्दाला लोक वजन देतील.

तिसरी शंका तुमच्याच मनात असेल आणि ती व्यवहाराची आहे. शिक्षणाचं कर्ज आहे, पहिली नोकरी आहे, विमान वेळेवर सुटलं पाहिजे असा वरून रेटा आहे. अशात ‘माझ्याकडून हे राहिलं’ म्हणणं परवडतं का? काही ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. त्याची मुख्य जबाबदारी बावीस वर्षांच्या नवख्यावर टाकणं अन्यायाचं होईल. ती मालकांवर, व्यवस्थापकांवर आणि नियामकावर आहे. कळवणाऱ्याला जपायचं की झोडपायचं हे तेच ठरवतात, आणि या सभागृहात त्यांच्यापैकी जे बसले असतील त्यांनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं. पण विमान सेवेत सोडताना सही तुमची असते आणि तेवढा अधिकार तुमचा स्वतःचा आहे. हत्यारांच्या पेटीत एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत सही करू नका. उशीर झालेल्या विमानाबद्दल चार शब्द ऐकून घ्या.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वरिष्ठांना तीन गोष्टी विचारा. इथे चूक कळवायची कोणाकडे, ती वाचतं कोण, आणि गेल्या वर्षी ज्यांनी कळवली त्यांचं पुढे काय झालं. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. आणि दहा वर्षांनी एखादा नवखा हेच तुम्हाला विचारायला येईल, तेव्हा त्याला बसवून घ्या आणि सगळं सांगा.