दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

आजचा विषय आहे कॅनडा. तिथे राहणाऱ्या मुलांकडे आई-बाबा जातात, त्यांच्यासाठी नेमका कोणता व्हिसा काढायचा?

आधी घरचाच किस्सा सांगते. माझी ताई टोरांटोजवळ राहते. ती तिथली पीआर, म्हणजे कायमची रहिवासी. तिचं बाळंतपण जवळ आलं तसा आम्ही आईसाठी साधा व्हिजिटर व्हिसा काढला. पासपोर्टवर स्टिकर आलं, मुदत जवळपास १० वर्षांची. पेढे वाटायचेच काय ते बाकी! बाळ वर्षाचं होईपर्यंत आई राहणार म्हणून परतीचं तिकीटही ११ महिन्यांनंतरचं काढलं. पाचव्या महिन्यात ताईच्या शेजारणीने सहज विचारलं, "काकूंची मुदत वाढवायला अर्ज केलात ना?" ताईच्या पोटात गोळाच आला.

चूक कुठे झाली? व्हिसाची मुदत वेगळी आणि मुक्कामाची मुदत वेगळी. स्टिकरवरच्या तारखेपर्यंत तुम्ही त्या देशाच्या दारात जाऊन उभे राहू शकता, एवढंच. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिली नसेल, तर कॅनडात साधारण ६ महिने.

आम्ही धावपळ करून ऑनलाइन अर्ज केला. मुदत संपायच्या आत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत तिथे थांबता येतं, म्हणून आई राहू शकली. पण तोवर त्या घरात कुणाला धड झोप नव्हती, आणि ती काही बाळामुळे नव्हे!

खरं तर आमच्यासाठी दुसरी वाट होती, सुपर व्हिसा. हा खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी असतो. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी सलग ५ वर्षांपर्यंत राहता येतं.

मग सगळेच तो का काढत नाहीत? कारण अटी आहेत. बोलावणारं मूल किंवा नातवंड तिथलं नागरिक किंवा पीआर हवं. तुम्ही स्टडी परमिटवर किंवा वर्क परमिटवर असाल, तर आई-बाबांना साधा व्हिजिटर व्हिसाच. शिवाय तुमचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर हवं, खर्चाची हमी देणारं निमंत्रण पत्र हवं, आई-बाबांची वैद्यकीय तपासणी हवी. आणि किमान १ वर्षाचा, निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. साठीच्या पुढे हा हप्ता चांगलाच चावतो, बरं का! अर्जही कॅनडाबाहेरूनच करावा लागतो. आई तिथे पोहोचल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

म्हणून अर्ज उघडण्याआधी घरात बसून दोनच प्रश्न विचारा. एका खेपेला किती महिने राहायचंय? आणि बोलावणारा तिथे कोणत्या दर्जावर आहे? दोन-चार महिन्यांसाठी जायचं असेल तर साधा व्हिसा पुरे. वर्षभर नातवंडं खेळवायची असतील आणि तुम्ही पीआर असाल, तर विम्याचा हिशोब मांडा आणि सुपर व्हिसाचा विचार करा. फॉर्ममध्ये मात्र किती दिवस राहणार ते खरं तेच लिहा.

आणि हो, आई-बाबा विमानतळातून बाहेर आले की मिठी मारा, पण लगेच पासपोर्टवरचा शिक्काही बघा. तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीचा अलार्म लावून.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!