काजळ आणि पाणी

आजचा भाग बऱ्याच जणांनी मागितला होता. 'ताई, तुझ्या लॅबला तू पाण्यात डमी आणायला कशी शिकवलंस ते सांग ना.' सांगते. पण ही गोष्ट ट्रॉफी जिंकल्याची नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची सांगलीची, आता काही वर्षं अमेरिकेत मिनेसोटामध्ये. इथे जिकडे बघावं तिकडे तळी. आणि घरी काजळ, काळी लॅब्रॅडॉर, वय साडेतीन वर्षं.

आपल्याकडे लॅब म्हटलं की फ्लॅटमधला गोलमटोल, चपातीच्या तुकड्यासाठी टक लावून बसणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. पण ही जात मुळात कष्टकऱ्याची. तिचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राबायचे, गळातून सुटलेले मासे आणि वाहून चाललेले दोर गार पाण्यातून ओढून आणायचे. तिथून ते इंग्लंडला गेले आणि शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला लागले. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली, अमेरिकेत ती मिळाली १९१७ मध्ये. अंगावरचा दुहेरी तेलकट कोट, बोटांमधला पडदा, सुकाणूसारखी जाड शेपटी, सगळं पाण्यासाठीच.

त्यामुळे मला वाटलं, हिला काय शिकवायचं? लॅब आहे, पोहेलच.

इथेच पहिली चूक झाली. एप्रिल महिना, तळ्यावरचा बर्फ नुकताच वितळलेला. काजळ सात महिन्यांची. मी काठावरून लांब डमी फेकला. डमी म्हणजे तरंगणारी लांबट गुंडाळी, पक्ष्याच्या ऐवजी वापरतात ती. ती उत्साहात धावली, दोन पावलांवर तळ संपला, डोकं पाण्याखाली गेलं. बाहेर आली ती थरथरत. पुढचे दोन महिने पाण्याजवळ गेलो की ती माझ्या पायांमागे लपायची.

मला माझे काका आठवले. लहानपणी त्यांनी मला कृष्णेच्या घाटावरून सरळ ढकललं होतं, 'पडली की शिकते' म्हणून. मी काही शिकले नाही. मग आजोबांनी पाठीला डबा बांधला आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, तेव्हा शिकले. म्हटलं, आपणही काका नको, आजोबा होऊ या.

तर आता खरी पद्धत.

आधी सगळं जमिनीवर. बस, थांब, ये. शिट्टीची एक लांब फुंक म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ. तीन-चार छोट्या फुंका म्हणजे परत ये. तोंडात धरलेलं खाली न टाकता हातात दे. हे अंगणात पक्कं नसेल तर पाण्यात अजिबात होणार नाही, कारण तिथे तुमचा हात पोचत नाही.

मग उबदार पाणी आणि उताराचा काठ. स्वतः आत जा. पोहणारा एखादा शांत, मोठा कुत्रा बरोबर असेल तर अर्धं काम तोच करतो. डमी आधी पाय टेकतील इतक्याच पाण्यात टाका. दुसऱ्या दिवशी हातभर पुढे. एक दिवस ती नकळत पोहायला लागते. पुढचे पंजे वर काढून पाणी बडवत असेल तर ती घाबरली आहे, परत उथळ पाण्यात या. तीन-चार वेळा झालं की थांबा. तिला अजून हवं असतानाच थांबा.

आणि एक युक्ती. पाण्यातून आल्यावर कुत्रा आधी डमी टाकतो आणि मग अंग झटकतो. म्हणून सुरुवातीला अगदी काठाशी उभं राहून झटकायच्या आधीच डमी हातात घ्यायचा. पुढे तो स्वतःच धरून ठेवायला शिकतो.

इतकं झालं की फील्ड ट्रायलचं वेड लागतं! इथे रिट्रीव्हरच्या स्पर्धेत दोन मुख्य प्रकार. 'मार्क' म्हणजे पक्षी पडताना कुत्र्याने पाहिलेला असतो. कधी एक, कधी तीन वेगवेगळ्या जागी, आणि ते लक्षात ठेवून एकेक आणायचे. 'ब्लाइंड' म्हणजे कुत्र्याला काहीच माहीत नाही, माहीत फक्त तुम्हाला. तुम्ही सरळ रेषेत पाठवायचं. तो भरकटला तर शिट्टी, की तळ्याच्या मधोमध तो वळून तुमच्याकडे बघतो, तुम्ही हाताने डावीकडे दाखवता आणि तो डावीकडे पोहत जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे सरळ जाणं. कुत्रा हुशार असतो, तो काठाकाठाने पळत वळसा घालतो. आपण म्हणू, डोकं चालवलं! पण त्या वळशात तो पक्षी पडल्याची जागा हरवतो, म्हणून परीक्षक गुण कापतात. सरळ पाण्यात शिरायला शिकवायचं तर आधी अरुंद चर, काठाला काटकोनात, मग हळूहळू तिरका कोन. यात महिनेच्या महिने जातात. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या किंग बक नावाच्या लॅबचं चित्र १९५९ च्या सरकारी बदक-तिकिटावर आलं, यावरून इथे या खेळाला किती मान आहे ते कळेल.

हो, स्पर्धेत खरे पक्षी असतात. मी शाकाहारी घरातली, मेलेलं बदक पहिल्यांदा हातात घेतलं त्या रात्री जेवले नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे. हे सगळं नुसत्या डमीवरही शिकवता येतं. फक्त आपल्याकडचं ऊन सांभाळा, आणि जलपर्णी किंवा सांडपाणी असलेल्या पाण्यात कुत्रा सोडू नका.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या वर्षी जुलैमध्ये पहिल्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. सराव चालू होता, जमिनीवरचे पाच मार्क झाले, दहाएक मिनिटं. काजळ जोशात होती. परत येताना तिचे मागचे पाय लटपटायला लागले. पुढचे पाय धावतायत आणि मागचे फरफटतायत. मला वाटलं काटा रुतला. पुढचा मार्क पाण्यातला होता आणि मी तिला तशीच पाठवायला निघाले होते. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या ट्रेनरने येऊन पट्टाच पकडला. म्हणाले, 'नाही. ही पाण्यात जाणार नाही.'

सावलीत ठेवलं, पाणी शिंपडलं. वीसेक मिनिटांत ती उठून शेपटी हलवायला लागली. डॉक्टरांनी बाकीच्या शक्यता तपासल्या आणि मग डीएनए चाचणी. ईआयसी, म्हणजे जोरदार श्रमानंतर कोसळणं. नसांमधला संदेश पुढे पोचवायला लागणाऱ्या एका जनुकात दोष असतो. आणि तो दोष शोधून काढला मिनेसोटा विद्यापीठातल्याच संशोधकांच्या गटाने, २००८ मध्ये. माझ्या घरापासून तासाभरावर! काजळमध्ये दोषाच्या दोन्ही प्रती निघाल्या, एक आईकडून, एक वडिलांकडून.

बहुतेक कुत्रे अशा झटक्यातून सावरतात. काही दगावतात. आणि खोल पाण्यात मागचे पाय गेले तर कुत्रा बुडतो. तो पट्टा पकडला नसता तर… असो.

ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांनी 'आईबाप एकदम हेल्दी' सांगितलं होतं. मी रिपोर्ट मागितलाच नाही. चूक माझीही आहे.

स्पर्धा संपली. मी खूप रडले, खरं सांगते. काजळ नाही रडली, तिला फक्त डमी हवा होता. आणि तेच अवघड आहे. तिला स्वतःला थांबता येत नाही, झटका येईपर्यंत ती पळतच राहणार. म्हणून थांबवायचं काम माझं. डॉक्टरांशी बोलून आम्ही हद्द ठरवली. गार सकाळ, लाइफ जॅकेट, लांब दोरी, तिचे पाय टेकतील इतकंच पाणी. दोन वेळा डमी, मधे भरपूर विश्रांती, आणि घरी. बाकी दिवस गवतात लपवलेला डमी वासाने शोधायचा, चालत, शांतपणे. त्यात ती पटाईत झालीये.

तर मंडळी, लॅब घेणार असाल तर इतकं करा. दोन्ही पालकांचा ईआयसी रिपोर्ट बघा. दोघांपैकी एकात जरी दोषाची एकही प्रत नसेल, तर पिल्लाला हा आजार होत नाही. घरात आधीच लॅब असेल आणि खेळताना मागचे पाय ढिले पडताना दिसले, तर 'दमली असेल' म्हणू नका. ताबडतोब थांबा, गारव्यात न्या, व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर पाणी बंद.

तुमच्या कुत्र्यांच्या पाण्यातल्या गमतीजमती मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आता मागे जी खुडबुड ऐकू येतेय ना, ती काजळ आहे. सकाळचे सहा वाजलेत, तिला तळं आठवलंय. दोन डमी, बाई, फक्त दोन! चला, भेटू पुढच्या रविवारी.