तिसऱ्या आठवड्यात कोण पाहणार?

(छत्रपती संभाजीनगर येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



हुरड्याचे दिवस आहेत, लोकांना वजनावरून फार घाबरवू नका, असं संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे. घाबरवणार नाही. हुरडा खा, सोबत शेंगदाण्याची चटणी खा, गूळ मात्र जरा हात राखून. मी बोलणार आहे ते हुरडा आणि सकाळचं फिरणं यांच्या पलीकडे वजन गेलेल्या माणसांबद्दल आणि त्यांच्या घरच्यांबद्दल.

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया स्वस्तात होते म्हणून परदेशात जाऊन करावी का, असा विषय आहे. आपल्या गावात हा प्रश्न उलट्या दिशेनं येतो. इथलं कुणी त्यासाठी बाहेर जात नाही, बाहेर गेलेली आपली माणसं इकडे यायचं म्हणतात. या सभागृहातल्या कितीतरी घरांतली मुलं-सुना न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, लंडनच्या आसपास किंवा आखातात आहेत. "मामा, इथे वीस हजार डॉलर सांगताहेत आणि विमा कंपनी नाही म्हणते. तिकडे येऊन करून घेऊ का?" मामा फिजिशियन असला की दिवाळीच्या आसपास असा फोन हमखास येतो. डिसेंबरची तिकिटं काढायची असतात, घरात एखादं लग्न असतं, त्यातच हेही उरकून घ्यायचं असतं.

अशा भाचीचा पैशाचा हिशेब चुकीचा नाही. अमेरिकेत स्वतःच्या खिशातून स्लीव्हची, म्हणजे जठर कापून लहान करण्याची, शस्त्रक्रिया करायची तर साधारण पंधरा ते पंचवीस हजार डॉलर लागतात. आपल्याकडच्या चांगल्या खासगी रुग्णालयात तीच अडीच ते पाच लाख रुपयांत होते. तिचं विमानाचं तिकीट धरूनही हा सौदा स्वस्तच पडतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर वैद्यकीय व्हिसाचीही गरज नाही.

विमा कंपनी नाही का म्हणते, हेही बघू. समजा तिची उंची १६० सेंटिमीटर, वजन ८५ किलो आणि मधुमेह आहे. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, झाला ३३.२. अमेरिकेत १९९१ साली ठरलेले निकष होते बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असेल तर ३५. हे आकडे गोऱ्या माणसांची शरीरं समोर ठेवून ठरले होते. आपलं शरीर वेगळं आहे, हे जगाला फार गमतीदार रीतीनं सांगितलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. आपली चरबी पोटात लपून बसते आणि कमी वजनातच मधुमेह घेऊन येते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलं. विमा कंपन्यांच्या कागदांत मात्र अजून बऱ्याच ठिकाणी जुनेच आकडे आहेत. आपल्या विमा नियामकाच्या, आयआरडीएआयच्या, प्रमाण कलमातही ४० आणि ३५ च आहेत. म्हणजे भाची इकडे आली तरी विमा तिला इथंही मिळणार नाही. पैसे रोखच.

आता एक हकिकत सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती त्या वेळी टीव्हीवर पाहिली असेल, पण तिचा शेवट फार थोड्यांना आठवतो.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इमान अहमद नावाची बाई होती, वय छत्तीस. वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितलं गेलं. दोन दशकांहून अधिक काळ ती घराबाहेर पडली नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईचे सर्जन डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी तिच्या व्हिसासाठी ट्विटरवरून तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना विनंती केली. सुषमाताई तेव्हा स्वतः किडनी प्रत्यारोपणासाठी एम्समध्ये होत्या. तिथूनच त्यांनी उत्तर दिलं आणि व्हिसा मिळाला. ११ फेब्रुवारी २०१७ ला इजिप्तएअरच्या मालवाहू विमानातून, खास बनवलेल्या पलंगासकट, इमान मुंबईत उतरली. ट्रकमधून तिला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं आणि क्रेननं उचलून तिच्यासाठी बांधलेल्या खोलीत ठेवलं. पैशाचा प्रश्न नव्हता, उपचार मोफत होते, देणग्याही जमल्या. आधी महिनाभर पातळ आहारावर ठेवून शरीरात साठलेलं पाणी उतरवलं आणि ७ मार्चला दुर्बिणीतून स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. वृत्तवाहिन्यांवर रोज नवा आकडा यायचा: आज इतके किलो कमी, उद्या तितके.

एप्रिलमध्ये सूर बदलला. रुग्णालयाच्या म्हणण्याप्रमाणे वजन तीनशे किलोहून अधिक घटलं होतं. बहिणीनं तो दावा नाकारला आणि इमानची प्रकृती सुधारलेली नाही, असं व्हिडिओ काढून सांगितलं. लहानपणी आलेल्या झटक्यामुळे इमानच्या शरीराची एक बाजू अधू होती. डॉक्टर म्हणत होते, शस्त्रक्रियेचं काम झालं आहे, आता पुढचं काम मेंदूच्या डॉक्टरांचं आणि फिजिओथेरपीचं आहे. बहीण म्हणत होती, ती उभी राहील, चालेल, तेव्हाच घरी नेईन. माझं मत विचाराल तर दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. वाद मला वेगळ्याच गोष्टीवर दिसतो. शस्त्रक्रियेनंतरचे महिने आणि वर्षं कुठे, कुणाच्या हाताखाली काढायची, याचा करारच कुणी केला नव्हता. विमान, व्हिसा, खोली, पलंग, क्रेन, सगळ्याची तयारी होती. ४ मे ला तिला अबुधाबीच्या बुर्जील रुग्णालयात नेलं. २५ सप्टेंबर २०१७ ला तिथंच ती गेली. हृदय आणि मूत्रपिंड, दोन्ही थकली होती.

तिच्या रक्ताच्या तपासणीत लेप्टिनच्या रिसेप्टरमधला जनुकीय दोष सापडला होता. भूक भागल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही, असा तो आजार. त्यावरच्या सेटमेलानोटाइड या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नोव्हेंबर २०२० मध्ये. तीन वर्षं उशिरा.

इमानचं उदाहरण टोकाचं आहे, हे मला मान्य आहे. आपल्या भाचीचं वजन ८५ किलो आहे, पाचशे नाही. पण विचारायचा प्रश्न तोच आहे: नंतर कोण पाहणार?

या शस्त्रक्रियेत होतं काय? पुष्कळांना वाटतं चरबी काढून टाकतात. चरबीला हातही लावत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच स्टेपलरनं कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. भूक कमी होते, हार्मोन बदलतात, मधुमेह कित्येकदा आठवड्यांत आटोक्यात येतो. ही शस्त्रक्रिया वाईट, असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांचा मृत्युदर न केलेल्यांपेक्षा कमी निघाला, आणि तो निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य माणसाला ती आयुष्य देते.

पण स्टेपलरची ती लांब ओळ बरी व्हायला वेळ घेते. क्वचित ती गळते, बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ. ही गळती कधी दुसऱ्या दिवशी कळते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे घरी गेल्यावर. ताप, नाडी जोरात, डाव्या खांद्यात दुखणं. ज्याला स्लीव्ह ठाऊक आहे तो डॉक्टर पाच मिनिटांत सीटी स्कॅन सांगतो. ज्याला ठाऊक नाही तो अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतो. दुसरी भीती पायातल्या रक्ताच्या गाठीची. ती सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस जातो, आणि या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंमधलं ते एक मोठं कारण आहे. त्यात मुंबई ते नेवार्क पंधरा-सोळा तास पाय मुडपून बसायचं. लग्नाची पंगत, शस्त्रक्रिया आणि परतीचं विमान हे सगळं तीन आठवड्यांत बसवणाऱ्यांना मी म्हणून नाही म्हणतो. अमेरिकेतल्या ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेनं २०११ मध्ये अशा प्रवासाबद्दल भूमिका मांडली होती. तिचाही भर नंतरच्या आयुष्यभराच्या देखरेखीवर होता.

अमेरिकेतले लोक याच शस्त्रक्रियेसाठी मेक्सिकोतल्या टिहुआनाला जातात, ब्रिटनचे तुर्कस्तानला. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं इशारा दिला, की टिहुआनात जाऊन शस्त्रक्रिया केलेल्या, बहुतेक वजनाच्याच शस्त्रक्रिया केलेल्या, रुग्णांमध्ये जवळपास कुठल्याही अँटिबायोटिकला दाद न देणारा स्युडोमोनास जंतू सापडतो आहे. त्यांतल्या सुमारे निम्म्यांची शस्त्रक्रिया एकाच रुग्णालयात झाली होती, आणि काहींनी सगळं एजन्सीमार्फत ठरवलं होतं. आपल्याकडेही असे मध्यस्थ आहेत. डॉक्टरनं रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं २००२ च्या नियमावलीनं निषिद्ध आहे, पण मध्यस्थ डॉक्टर नसतो. त्याच्या पॅकेजमध्ये विमानतळावरची गाडी असते, हॉटेल असतं, अजिंठा-वेरूळही असतं. तिसरा आठवडा नसतो.

आणि तिसरं वर्ष तर कुणाच्याच पॅकेजमध्ये नसतं. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यावं लागतं आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. आपल्या शाकाहारी घरांत बी१२ आधीच कमी असतं. प्रथिनं कुठून आणणार? वरण-भातात वरण कमी आणि भात जास्त, ही आपली जुनी सवय. बायकांनी वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं असतं, हे घरातल्या सासूबाईंना कुणी सांगायचं? बायपासनंतर दारू फार लवकर चढते. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. पित्ताशयात खडे होतात. यातलं काहीही एका भेटीत निपटत नाही.

कायद्याचा आधारही अंतराबरोबर पातळ होतो. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आहे, पण न्यू जर्सीत बसून इथल्या ग्राहक आयोगात तारखांना कोण उभं राहणार?

वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांबद्दल तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगतो. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये, आणि वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. बीएमआय तिशीच्या आसपास असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी या इंजेक्शनांचं बोलणं झालंच पाहिजे. बंद केल्यावर वजन परत येतं, हे मात्र कंपनीच्या जाहिरातीत शोधावं लागतं.

परभणी, हिंगोली, बीडच्या माणसाला हेच मुंबईबद्दल लागू आहे. वंदे भारत झाली, समृद्धी झाली, मुंबई जवळ आली. पण रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या तर तो मुंबईला जात नाही, आधी जवळच्या दवाखान्यात जातो आणि तिथून इथल्या घाटी रुग्णालयात येतो. शस्त्रक्रिया आपल्या शहरातही होते. दोन पैसे वाचतात किंवा नाव मोठं म्हणून लांब जायचं असेल, तर जवळचा कोण सांभाळणार हे ठरवून जा.

मग भाचीनं यावं का? सहा आठवडे हातात असतील, आई पातळ पेज, ताक, गाळलेलं वरण दोन-दोन घोट पाजायला घरी असेल, सर्जन स्वतः महिनाभर गावात असेल आणि तिकडच्या तिच्या डॉक्टरनं पुढची देखरेख करायला आधीच होकार कळवला असेल, तर खुशाल यावं. तिच्यासाठी ते चांगलंच होईल. यातलं शेवटचं जमत नसेल तर वीस हजार डॉलर महाग नाहीत.

जाताना तिनं कागद नीट घ्यावेत. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, नेमकी कुठली शस्त्रक्रिया, काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, आधीची रक्ततपासणी, हे सगळं. आणि पर्समध्ये ठेवायला सर्जनच्या सहीचं एक छोटं पत्र. त्यात एवढंच लिहिलेलं असावं, की या बाईची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या थांबत नसतील तर सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी१, द्या. बी१ कमी झालेल्या रुग्णाला आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि अनोळखी गावातल्या इमर्जन्सीत मध्यरात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला तिच्या पोटात काय केलं आहे हे बाहेरून दिसत नाही.