आमचे नायक आता मरणार नाहीत

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांतून आलेल्या वाचकमित्रांनो,

या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. निमंत्रणपत्रिकेत माझी ओळख ‘सामाजिक विषयांवर लिहिणारे लेखक’ अशी छापली आहे. ती मला मान्य नाही. मी समलिंगी पुरुष आहे आणि मी प्रेमकथा लिहितो. दोन पुरुष भेटतात, जीव लावतात, भांडतात, रुसतात आणि शेवटी एकमेकांचे होतात, एवढाच माझा विषय आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रेमावर लिहिणाऱ्याला कादंबरीकार म्हणायचं आणि मला समाजसेवकांच्या रांगेत बसवायचं, हा पंक्तिप्रपंच आहे. तो इथेच मोडावा, असं माझं सांगणं आहे.

अध्यक्षानं सरलेल्या काळाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. मी येत्या वर्षाबद्दल बोलणार आहे. काय लिहिणार, का लिहिणार आणि त्यासाठी तुमच्याकडून काय हवं, हे स्पष्ट सांगणार आहे.

मराठीनं आम्हाला दारच उघडलं नाही, असं मी म्हणणार नाही. विजय तेंडुलकरांनी 1981 साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्यांनी मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर उभी केली, तीही कुणाची भीडभाड न ठेवता. चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य कळलेल्या आईला बोलतं केलं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त, 2006 साली, भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट काढला आणि मुलांना, पालकांना समजेल अशा सरळ मराठीत पुस्तकं लिहिली. या सगळ्यांचं ऋण मी मानतो. त्यांनी वाट पाडली नसती, तर मी आज या माइकसमोर नसतो.

पण ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहा. मित्रा आत्महत्या करते. कुंडलकरांच्या कादंबरीतला भाऊ, तनय, मागे एकटा उरतो. दातारांच्या नाटकात केंद्रस्थानी आई आहे. प्रत्येक कलाकृती आपापल्या जागी खरी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठी अभिरुचीनं यातून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. आमचं दुःख म्हणजे साहित्य आणि आमचं सुख म्हणजे प्रचार, असा तो निष्कर्ष आहे. एका प्रकाशकानं माझं हस्तलिखित परत करताना सल्ला दिला होता, “शेवटी दोघांपैकी एकाला अपघातात घालवा, कथेला उंची येईल.” एका वाचनालयात माझी कादंबरी आरोग्याच्या कपाटात, मधुमेहावरच्या पुस्तकांशेजारी ठेवलेली मी पाहिली आहे. ही उंची मला नको आणि हे कपाटही नको.

हा झगडा जुना आहे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार. देवासच्या पवारांच्या मराठी संस्थानात त्यानं 1921 साली महाराजांचा खासगी सचिव म्हणून काम केलं. त्याआधीच, 1913-14 मध्ये, त्यानं ‘मॉरिस’ लिहून ठेवली होती. तिच्यातले दोन पुरुष शेवटी एकत्र राहतात. हा सुखाचा शेवट आवश्यकच आहे, असं त्याचं ठाम मत होतं. नायकाला फासावर लटकवलं असतं तर पुस्तक बिनधोक छापता आलं असतं, हेही तो जाणून होता. शेवट त्यानं बदलला नाही. कादंबरी बंद राहिली आणि तो गेल्यावर, 1971 साली, प्रसिद्ध झाली. ती लिहिली तेव्हा इंग्लंडमध्ये कायदा आडवा होता. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 चा आमच्या मानेवरचा फास काढला. आता मराठी संपादकाला कशाची भीती आहे? उत्तर असेल तर त्यानं ते उघडपणे द्यावं.

येत्या वर्षी मी तीन गोष्टी लिहिणार आहे.

पहिली कादंबरी याच उपनगरांतली. नायक बेस्टचा कंडक्टर, मुलुंड डेपोचा. दुसरा नायक मरोळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो. दोघं भेटतात घाटकोपरला. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतली माणसं घाटकोपरच्या एका पुलावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालू लागली. त्या गर्दीत दोन पुरुषांनी हात धरला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या कादंबरीची सुरुवात तिथे आहे. तिचा कळस मात्र रेशनिंग ऑफिसात आहे. समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरावं, असं केंद्र सरकारनं 2024 मध्ये राज्यांना कळवलं. माझा कंडक्टर खिशाला बिल्ला लावून, ड्युटी संपवून, त्या खिडकीशी उभा आहे. अर्जावर ‘कुटुंबप्रमुखाशी नातं’ असा रकाना आहे. मागच्या बाई म्हणतात, “भाऊ लिहा ना, काम होऊन जाईल.” दिवसभर तिकिटं फाडताना कधी न थरथरलेला हात त्या रकान्यावर थांबतो. मग तो सुवाच्य अक्षरात ‘जोडीदार’ असं लिहितो आणि कागद आत सरकवतो. कारकून वर बघतो. पुढचं पान मी अजून लिहिलेलं नाही, पण दोघं त्या रात्री एकाच घरी जेवणार आहेत, एवढं ठरलेलं आहे.

दुसरी कादंबरी 1934 सालची. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही आले, त्यांनी उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ते खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. कर्व्यांवर आणि बाबासाहेबांवर लिहिलं गेलं, आणखी लिहिलं जाईल. मला ओढ आहे ती पत्र पाठवणाऱ्याची. परळच्या चाळीत, शेजाऱ्यांची निजानीज झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात कुणीतरी तो प्रश्न लिहिला असेल. ज्याच्यासाठी लिहिला, तो कदाचित त्याच खोलीत झोपला असेल. इतिहासानं त्याचं नाव राखलेलं नाही. मी त्याला एक नाव देणार आहे, एक सखा देणार आहे आणि दोघांना म्हातारं होऊ देणार आहे.

तिसरी, दिवाळी अंकासाठी दीर्घकथा. बोरिवलीतला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, त्यावरचे दोन सत्तरीचे पुरुष, एक विधुर, एक अविवाहित. प्रेम पंचविशीत संपतं, असं मानणाऱ्यांसाठी ती आहे.

काही जण नाक मुरडतील की प्रेमकथा हा हलका माल. ना. सी. फडके आयुष्यभर प्रेमकथा लिहीत राहिले आणि 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांवर या उपनगरांतली वाचनालयं चालली. त्यांच्या ‘श्यामा’वर, ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या कादंबरीवर, अश्लीलतेचा खटला भरला गेला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. प्रेमकथेला मराठीत लढाईची परंपरा आहे आणि मी त्याच घराण्यातला आहे. डिसेंबर 1998 मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटाविरोधात गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये मोडतोड झाली, तीही याच उपनगरांत. काचा दुसऱ्या बसवता आल्या, पण तेव्हा बसलेली दहशत आजही संपादकांच्या टेबलावर आहे. ती झुगारायची वेळ आली आहे.

थोडं माझ्या माणसांनाही सुनावतो. अशोक राव कवींनी 1990 साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं, 1994 साली हमसफर ट्रस्ट उभा केला. त्या पिढीनं आम्हाला कणा दिला. पण आमची चळवळ आणि आमच्या प्रेमाच्या गोष्टी मुख्यतः इंग्रजीतच राहिल्या. भांडुपच्या पालिकेच्या शाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती मराठीत काय पडतं? एचआयव्हीचं पत्रक, नाहीतर बातमीतली आत्महत्या. त्याला पहिल्यांदा स्वतःबद्दल वाचायला मिळेल ती गोष्ट आनंदाची असावी, हा त्याचा हक्क आहे. जे मित्र घरी मराठी बोलतात आणि प्रेम इंग्रजीत लिहितात, त्यांनी या वर्षी एक तरी कथा मराठीत लिहावी.

आता मागणं. ग्रंथपालांनो, आमच्या कादंबऱ्या कादंबऱ्यांच्याच कपाटात ठेवा. समीक्षकांनो, माझ्या भाषेवर, रचनेवर, पात्रांवर तुटून पडा. ‘धाडसी विषय’ म्हणून पाठ थोपटून निघून जाऊ नका. प्रकाशकांनो, आमच्या नायकांचे मृत्यू मागणं बंद करा. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनो, बोरिवलीची ती कथा गणपतीपूर्वी तुमच्या हाती पडेल. आवडली तर छापा. नाही आवडली तर परत पाठवा, पण कारण लिहून द्या, खाली सही करून. ते कारण मी पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून वाचून दाखवीन.

जय महाराष्ट्र.