धूर गेला, तंबाखू राहिली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण आमच्या घरी घडले ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून उभी राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून आले ते विडी सोडूनच. मला केवढा आनंद झाला! पण पंधरा दिवसांत कमरेला चंची आली. मी म्हटले, असू दे, धूर तरी नाही. आणि बोलणार कोणत्या तोंडाने? सकाळी मिश्री लावल्यावाचून माझेच पान हलत नव्हते.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ओठाखालची तंबाखू पाहिली. म्हणाले, "झटक्यात हृदयाचे जे मांस मरते, तिथे वण धरतो. तो घट्ट व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. उरलेल्या मांसाला रक्त पुरले पाहिजे, विसावा मिळाला पाहिजे. विडीबरोबर धुरातला विषारी वायू टळला, हे चांगलेच झाले. पण निकोटिन राहिलेच. ते नाडी पळवते, रक्तदाब चढवते, रक्तवाहिन्या आवळते. पाय मोडलेला बैल औताला जुंपावा, तसे हे आहे."

स्वीडन देशात ओठाखाली ठेवायच्या तंबाखूला 'स्नूस' म्हणतात. झटका येऊन गेलेल्या तिथल्या लोकांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. स्नूस सोडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे निघाले.

पुतण्याने वाफेची सिगारेट सुचवली. तिच्यातही बहुधा निकोटिन असतेच, शिवाय २०१९ पासून आपल्याकडे तिच्या विक्रीला बंदी आहे. व्यसन सुटावे म्हणून डॉक्टर चघळायच्या गोळ्या देतात, त्या निराळ्या. त्या मोजून आणि ठरावीक मुदतीपुरत्याच घ्यायच्या.

घरी येऊन मी मिश्रीची डबी उकिरड्यावर रिकामी केली. आठ दिवस डोके ठणकले, लेकीवर उगाच ओरडले. पण माझे पाहून यजमानांनी चंची माझ्या हाती दिली. पुढे दोनदा परत मागून घेतली, हेही लपवत नाही. आता दीड वर्षे तंबाखूला शिवलेले नाहीत.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या फडताळात ती डबी आहे, हे मी विचारत नाही. घरच्या पुरुषांना सांगण्याआधी ती रिकामी करू या. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.