स्मरणरंजनातली वेदना

(चौबे कॉलोनी, रायपूर येथे मराठी वाचकांसमोर अनुवादकाने केलेले भाषण)



अनुवादकाला सहसा कोणी बोलायला उभे करीत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकून घ्यावे आणि ते आपल्या भाषेत सांगावे, एवढेच त्याचे काम. तथापि आज आपण आग्रहाने बोलावले आहे, तेव्हा हे पुस्तक मराठीत आणताना माझे जेथे अडले, त्या एकाच जागेविषयी मी बोलणार आहे. मोटारींच्या शर्यतीत मला काही गती आहे असा समज मात्र कृपया करून घेऊ नका. मी मराठीचा विद्यार्थी. माझी अडचण मोटारीची नव्हती, शब्दाची होती.

तो शब्द म्हणजे ‘नॉस्टॅल्जिया’. आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द गोड आहे, रुळलेला आहे. पहिल्या काही प्रकरणांत मी तो निःशंकपणे वापरला. पुढे मात्र तो पानोपानी टोचू लागला, म्हणून मी त्याचे मूळ शोधले. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी हा शब्द घडविला. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत : एकाचा अर्थ घरी परतणे, दुसऱ्याचा वेदना. परमुलखात राहणाऱ्या माणसांना घराच्या ओढीने जडणारे दुखणे, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे हे एका रोगाचे नाव होते! मराठीने त्यातले स्मरण घेतले, त्याला रंजनाची जोड दिली आणि वेदना मागेच ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या मुलूख सोडून येथे वसलेल्या रायपूरच्या मराठी घरांना त्या वेदनेची ओळख करून देण्याचे कारण नाही.

आता विषयाकडे वळतो. क्रीडामोटारींच्या शर्यतींचे सुवर्णयुग असे ज्याला म्हणतात, ते स्थूलमानाने १९५० ते १९७० ही दोन दशके. त्या काळी शर्यतीची मोटार आणि रस्त्यावरची मोटार यांत आजच्याइतके अंतर पडलेले नव्हते. १९५१ साली जग्वार कंपनीच्या शर्यतीच्या मोटारी इंग्लंडहून फ्रान्समधील ल मां गावी रस्त्यानेच चालवीत नेल्या गेल्या, आणि त्यांतल्याच एकीने तेथली चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यतीही पुष्कळदा बंदिस्त मैदानात नसत. गावातून, शेताच्या बांधावरून, देवळासमोरून जाणारा नेहमीचा रस्ता हीच शर्यतीची वाट असे. प्रेक्षकाला तिकीट काढून कोठे जावे लागत नसे. शर्यतच त्याच्या दाराशी येई.

इटलीतील ‘मिले मिल्या’ ही या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध शर्यत. नावाचा अर्थ सहस्र मैल. ब्रेशा या शहरातून निघायचे, रोमला वळसा घालायचा आणि पुन्हा ब्रेशाला यायचे; सुमारे १६०० किलोमीटर. १९२७ साली सुरू झालेली ही शर्यत १९५७ साली अखेरची धावली. १९५५ साली इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस याने मर्सिडीज कंपनीच्या मोटारीतून ती १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. मोटारीवर ७२२ हा आकडा रंगविलेला होता. सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ती सुटली, म्हणून ७२२. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक, आणि तोही गल्ल्यांतून, घाटांतून, रेल्वेची फाटके ओलांडीत!

मॉसच्या शेजारी डेनिस जेनकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. शर्यतीपूर्वी दोघांनी तो रस्ता पुनःपुन्हा तपासला होता, आणि प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक चढ जेनकिन्सनने सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर टिपून ठेवला होता. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे अशक्य, म्हणून दोघांनी हातांच्या खुणा ठरविल्या. तो कागद वाचून खूण करी, आणि पुढचा रस्ता दिसत नसतानाही मॉस त्या खुणेवर विसंबून वेग कायम ठेवी. हे प्रकरण करताना मला विलक्षण आनंद झाला. रस्त्याचे कागदावर आणि कागदाचे खुणांत रूपांतर करणारा हा गृहस्थ माझाच व्यवसायबंधू होता. फरक इतकाच, की त्याची एक चूक दोघांच्या जिवावर बेतली असती. जून १९५५ च्या ‘मोटर स्पोर्ट’ मासिकात त्याने लिहिलेली हकीकत आजही या विषयावरील लेखनात आदर्श मानली जाते.

येथपर्यंत स्मरणरंजन हा शब्द मला पुरला. पुढे पुरेना.

त्याच जूनच्या ११ तारखेला ल मां येथे पिएर लवेग याची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांच्या कठड्यापाशी उधळली. तिचे भाग गर्दीत घुसले. बाह्यकवचात मॅग्नेशियमचा मिश्रधातू असल्याने आग विझता विझेना. लवेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत मात्र थांबली नाही. परतणाऱ्या गर्दीने रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे कारण आयोजकांनी दिले. आघाडीवर असूनही मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आपल्या मोटारी काढून घेतल्या. स्वित्झर्लंडने चक्राकार मार्गावरील मोटारशर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशके टिकली. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द जेथे जन्मला, तोच हा देश.

पुढे १२ मे १९५७ रोजी मिले मिल्याचे शेवटचे काही मैल उरले असता, गुइदित्सोलो गावाजवळ अल्फोन्सो द पोर्तागो याच्या फेरारीचे टायर फुटले. तो आणि त्याचा साथीदार एडमंड नेल्सन ठार झाले. त्यांच्याबरोबर नऊ प्रेक्षक गेले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. ती कोणत्याही धोक्याच्या जागी गेली नव्हती. आपल्या गावच्या रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मोटारी पाहत होती.

श्रोतेहो, येथे मी लेखणी खाली ठेवली. ज्या गोष्टीने हे युग सोन्याचे झाले, तिनेच या मुलांचा जीव घेतला. शर्यत दाराशी येत होती, हेच तिचे वैभव आणि हाच तिचा अपराध. यांतले एक ठेवून दुसरे गाळता येत नाही. ‘रंजन’ हा शब्द नेमके ते गाळण्याची सोय करून देतो.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी म्हणेल. पण १९६८ साली त्या युगाचा एक तुकडा आपल्या रस्त्यांवरूनही गेला. २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीकडे ९८ मोटारी निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीला आल्या आणि आग्रा, इंदूर या मार्गाने मुंबईस पोहोचल्या. ७२ मोटारी मुंबई बंदरात ‘चुसान’ बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाल्या. भारतातील रस्त्यांच्या दुतर्फा त्यांना पाहायला अफाट गर्दी लोटली होती. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आग्रा रोडच्या कडेला बापाच्या खांद्यावर बसून माना उंचावणारी मुले मला न पाहताही दिसतात. गुइदित्सोलोची मुले त्यांच्याहून निराळी नव्हती.

त्या मोटारींपैकी एकीत बेल्जियमचा ल्युसिएं बियांकी होता. दोनच महिन्यांपूर्वी पेद्रो रॉद्रिगेझच्या जोडीने त्याने ल मांची शर्यत जिंकली होती. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सहनशक्तीच्या शर्यतीचा त्या वर्षीचा विजेता आपल्या इंदूरवरून मुंबईला गेला. सिडनी जवळ आले तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर होता. शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर समोरून एक मोटार आली आणि टक्कर झाली. बियांकी व त्याचा साथीदार जखमी झाले. मागून येणारा पॅडी हॉपकर्क आपली शर्यत सोडून मदतीला थांबला, आणि विजय अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटर मोटारीला मिळाला. बियांकी त्यातून वाचला. पण ३० मार्च १९६९ रोजी ल मां येथेच सराव करताना त्याचा अंत झाला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये ल मांला जॅकी इक्स या तरुणाने एक साधी गोष्ट केली. तेथील प्रथा अशी, की इशारा होताच चालकांनी धावत जाऊन मोटारीत उडी घ्यावी आणि सुटावे. घाईत पट्टा बांधायला कोणाला सवड नसे. इक्स धावला नाही. तो चालत गेला, शांतपणे बसला, पट्टा बांधला आणि सर्वांच्या मागून निघाला. पहिल्याच फेरीत पट्टा न बांधलेला जॉन वुल्फ मरण पावला. चोवीस तासांनी इक्स अवघ्या १२० मीटरांच्या फरकाने जिंकला. आदल्या वर्षी बियांकीने जिंकली होती, तीच ही फोर्ड मोटार. पुढल्या वर्षापासून धावत सुटण्याची प्रथा बंद झाली. तिच्या आठवणीने हळहळणारे रसिक आजही आहेत. मला मात्र वाटते, त्या युगातले सर्वांत तेजस्वी दृश्य कोणते असेल तर ते त्या चालत जाणाऱ्या माणसाचे.

मिले मिल्या आज पुन्हा भरते, पण शर्यत म्हणून नव्हे. जुन्या मोटारी ठरल्या वेळेत, शिस्तीने तो रस्ता कापतात. लोक रस्त्याकडेला उभे राहून हात हलवितात. हे रंजनच आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते पुरते नाही.

माझ्या अडचणीचे उत्तर शेवटी कोशात मिळाले नाही, घरात मिळाले. लेक सासरी गेल्यावर आई जे बोलते, तिन्हीसांजेला परगावी जे मनात दाटते, त्याला आपण ‘हुरहूर’ म्हणतो. त्यात ओढ आहे आणि दुखणेही आहे. होफरला सापडलेला अर्थ आपल्या आजीपणजींना आधीच ठाऊक होता. पुस्तकातील आनंदाच्या जागी मी ‘स्मरणरंजन’ तसेच ठेवले; ल मां आणि गुइदित्सोलोनंतर ‘हुरहूर’ लिहिले. दोन शब्द पाहून कोणी अनुवादकाला विसंगत ठरविले, तर तो दोष मी मान्य करीन. त्या पाच मुलांना वगळून मात्र हे सुवर्णयुग मराठीत आणणे मला शक्य नव्हते.